जिमची वही सर्व्हरवर चढवताना

गेल्या महिन्यात या सदरात मी सहज एक ओळ टाकली होती, की छोट्या जिमने दरमहा भाडं भरून सॉफ्टवेअर घ्यायची काही गरज नाही, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला) आहे, स्वतःच्या मशीनवर टाका आणि वापरा. ती ओळ चांगलीच भोवली. मेल, व्हॉट्सॲप, एकाने तर चक्क पोस्टकार्ड पाठवलंय. त्यातली पाच पत्रं घेतलीत, नावं काढून फक्त गावं ठेवलीत.

प्रश्न : माझी जिम आहे, साधारण दोनशे मेंबर, पहाटे साडेपाचला पहिली बॅच. ॲडमिशन रजिस्टरमध्ये, थोडंफार एक्सेलमध्ये, आणि कुणाला कुठला वर्कआउट दिलाय ते ट्रेनरच्या डोक्यात. ट्रेनर सुट्टीवर गेला की बोंब. तुम्ही म्हणता ते ओपन सोर्स नक्की कुठलं? मला कॉम्प्युटरचं जुजबी कळतं, भाचा आयटीआय झालाय तो मदत करेल. आणि फीबीचं सगळं त्यातच होईल ना?
(इचलकरंजी)

उत्तर : दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तिथेच सगळ्यांची फसगत होते. फीचं त्यात होणार नाही. मी ज्याबद्दल लिहिलं होतं त्याचं नाव वेगर, इंग्रजीत शोधताना डब्ल्यू-जी-ई-आर अशी चार अक्षरं टाका म्हणजे सापडेल. पायथन भाषेतल्या जँगो या तयार सांगाड्यावर बनवलेलं वेब ॲप आहे, लायसन्स एजीपीएल, म्हणजे वापरायला फुकट, बदलही करा, फक्त बदल करून लोकांना नेटवरून वापरायला दिलंत तर तो बदललेला कोड त्यांनी मागितला की द्यावा लागतो. तुम्ही कोडला हात लावणार नाही, तेव्हा ती काळजी सोडा.

आता हे काय करतं? मेंबरचा वर्कआउट प्लॅन, रोजचे सेट-रेप्स-वजन, शरीराचं वजन आणि मापं, डाएट प्लॅन. आणि त्यावर जिमचा एक थर आहे. जिम तयार करायची, त्यात मॅनेजर, ट्रेनर, मेंबर अशा भूमिका द्यायच्या, मग ट्रेनर आपल्या मेंबरचा प्लॅन बघतो, बदलतो, नोंदी लिहितो. थोडक्यात ही ट्रेनरची वही आहे, गल्ल्याची नाही. मेंबरच्या नावावर करार टाकायची सोय आहे खरी, सुरू कधी संपतो कधी, रक्कम किती, महिन्याची की वर्षाची, एवढं लिहिता येतं, पण पैसे आले का, निम्मे आले का, रोख की यूपीआय, पावती नंबर काय, हे नाही. थंब मशीनची हजेरी नाही, रिन्यूअलचा व्हॉट्सॲप मेसेज नाही. युरोपातल्या जिमच्या हिशोबाने बनलंय ते, तिकडे सही केली की खात्यातून आपोआप पैसे कापले जातात, आपल्याकडे ‘पगार झाला की देतो’ म्हणणाऱ्याला काउंटरवर गाठावं लागतं.

म्हणून पावतीबुक आणि एक्सेल चालूच ठेवा. तुमची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर असेल तर जीएसटीचं बिल तसंही वेगळंच करावं लागणार, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवरचा दर 18 वरून 5 टक्के झालाय (इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करता येत नाही), जुनं बिल-फॉरमॅट अजून 18 दाखवत असेल तर आजच बदला. बिलिंगही ओपन सोर्सच पाहिजे असा हट्ट असेल तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट आहे, जीएसटीसकट सगळं करतं, पण दोनशे मेंबरसाठी ते लावणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढण्यासारखं.

मशीन म्हणाल तर जुना डेस्कटॉप चालेल, 64 बिट हवा आणि रॅम 4 जीबी असली तर बरं. विंडोज पुसून उबुंटू ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका, भाच्याला एक दुपार पुरते. त्यावर डॉकर टाकायचं. डॉकर म्हणजे काय हे त्याला सांगायचं तर डबा म्हणा, प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात आणि त्याला लागणारं सगळं सामान आतच. वेगरचे असे चार-पाच डबे असतात: वेब ॲप एकात, डेटाबेस पोस्टग्रेस दुसऱ्यात, मग सारखी लागणारी माहिती हाताशी ठेवणारा रेडिस, बाहेरून येणाऱ्याला दारात घेणारा एनजिनएक्स, आणि मागे बसून व्यायामांची यादी वगैरे खाली उतरवणारा सेलरी. ही सगळी पंगत मांडून ठेवलेली फाइल वेगरवाल्यांनीच गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर दिलीय, त्यांच्या ‘डॉकर’ नावाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या फोल्डरात. ती क्लोन करायची, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवायची, त्या फोल्डरमध्ये जाऊन डॉकर कंपोज अप, शेवटी हायफन डी, अशी कमांड द्यायची आणि चहा प्यायला जायचं. पहिल्यांदा वेळ लागतो, मध्येच पान उघडून ‘एरर आला’ म्हणून बंद करू नका.

पण अप करायच्या आधी प्रॉड-डॉट-ईएनव्ही ही सेटिंगची फाइल उघडा. सगळी गंमत इथे आहे आणि नव्वद टक्के लोक ती उघडतच नाहीत. त्यात सिक्रेट की आणि साइनिंग की अशा दोन ओळी असतात, तिथे नमुन्याची किल्ली आहे जी सगळ्या जगाला माहितीय, ती काढून स्वतःची लांबलचक टाका. टाइम झोन बर्लिनचा असतो तो एशिया-कोलकाता करा, नाहीतर तुमची साडेपाचची बॅच रात्री एक-दोन वाजता व्यायाम करताना दिसेल. बाहेरच्या कुणालाही खातं उघडू देणारी आणि पाहुणा म्हणून आत येऊ देणारी अशा दोन सोयी चालू असतात, दोन्हींपुढे फॉल्स लिहून बंद करा. मग लॉगिन. पहिल्या वेळचं युजरनेम ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन-ॲडमिन सलग, आणि हा पासवर्ड पहिल्या मिनिटाला बदलायचा. जेवून आल्यावर नाही.

खर्च लाइट आणि भाच्याला पार्टी. हो, कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये ‘लाइट आल्यावर आपोआप चालू हो’ अशी सेटिंग असते ती लावून घ्या, लोडशेडिंगनंतर पहाटे पाचला बटण दाबायला कोण जाणार.

आणखी एक. मेंबर बरेच दिवस आला नाही तर ॲप त्याला ‘निष्क्रिय’ यादीत टाकतं, मुळात ही मुदत 4 आठवड्यांची असते. पण आला म्हणजे काय, तर त्याने ॲपमध्ये नोंद केली. रोज येऊन घाम गाळणारा पण फोनला हात न लावणारा तुमचा सगळ्यात जुना मेंबर त्या यादीत सगळ्यात वर दिसेल. त्याला ‘येत का नाही’ म्हणून मेसेज करू नका, अपमान होतो.

प्रश्न : सर, कॉलेजच्या जिमसाठी मी हे प्रोजेक्ट म्हणून केलं. ज्या पीसीवर टाकलंय तिथे सगळं मस्त चालतं पण वायफायवरून मोबाइलवर त्या पीसीचा आयपी टाकून उघडलं की पान दिसतं, लॉगिन दाबलं की 403, सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड. ईएनव्ही फाइलमध्ये आयपी टाकला, रीस्टार्ट पण केलं दहा वेळा, तरी तेच. सबमिशन सोमवारी आहे.
(नांदेड)

उत्तर : सोमवार गेला असणार, तरी सांगतो. सीएसआरएफ म्हणजे दुसऱ्याच साइटवरून तुझ्या नावाने खोटा फॉर्म पाठवणं. ते अडवायला जँगो 4 पासून फॉर्म कुठल्या पत्त्यावरून आला ते तपासतं, आणि तो सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्याशी जुळला नाही आणि सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स या यादीतही नसला की 403, म्हणजे प्रवेश नाही. तू आयपी टाकलास, पण नुसते आकडे टाकले असशील. पुढे एचटीटीपी-कोलन-दोन स्लॅश लागतं, पोर्ट (मशीनच्या दाराचा नंबर) 80 सोडून दुसरा असेल तर तोही लागतो, म्हणजे ब्राउझरच्या पट्टीत जसं दिसतं तसंच्या तसं. साइट यूआरएलच्या ओळीतही तेच.

आणि दहा वेळा रीस्टार्ट करून उपयोग नाही झाला याचं कारण, डॉकर कंपोज रीस्टार्ट केलं की तोच जुना डबा परत चालू होतो, ईएनव्ही फाइल पुन्हा वाचलीच जात नाही. परत ‘अप हायफन डी’ म्हण, मग तो बघतो की फाइल बदललीय आणि डबा नवीन बनवतो. यात मी स्वतः एक अख्खा रविवार घालवलाय, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

प्रोजेक्ट संपल्यावर घरून पण उघडावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करशील (बाहेरून येणाऱ्याला आतल्या पीसीकडे वळवशील), आणि ते चालणार नाही, कारण आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडवर सीजीनॅट असतं, एका पब्लिक आयपीमागे शेकडो घरं, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला तुझं दार सापडतच नाही. बाहेरून आत यायला सुरक्षित वाट काढून देणारं टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअर टनेल बघ. एचटीटीपीएस आलं की ती ट्रस्टेडवाली ओळ परत बदलायची, एस लावून, हे विसरशील आणि परत 403 येईल आणि मग मला लिहू नकोस!

प्रश्न : माझी फक्त महिलांची जिम आहे. ॲडमिशनच्या वेळी आम्ही फॉर्म भरून घेतो, बीपी, थायरॉइड, सिझेरियन झालंय का, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं. हे सगळं ॲपमध्ये टाकलं तर सुरक्षित राहील का? नवऱ्याचं म्हणणं आहे कागदच बरा, कपाटाला कुलूप तरी असतं.
(चिपळूण)

उत्तर : ताई, तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. कागदाचा एक गुण आहे, तो चिपळूणच्या कपाटातून एका रात्रीत रशियात जात नाही. (पुरात जातो, ते तुम्हाला मी काय सांगावं.)

वेगरमध्ये मेंबरच्या नावापुढे ट्रेनरला नोंद लिहिता येते आणि कागद अपलोड करता येतात. ती नोंद ट्रेनर मंडळींना दिसते, मेंबरला स्वतःला दिसत नाही. म्हणून पहिला नियम, मेंबरच्या तोंडावर बोलता येणार नाही असं काही तिथे लिहायचं नाही. ‘उजवा गुडघा, स्क्वॉट अर्धाच’ हे ट्रेनरला पुरतं, ऑपरेशनचा रिपोर्ट स्कॅन करून चढवायची काय गरज? बीपी असेल तर ‘डोकं खाली जाईल असे व्यायाम नकोत, डॉक्टरांची चिठ्ठी बघितली’ बस. माझं तरी मत असं की जे ट्रेनरला वजन उचलून देताना लागतं तेवढंच ॲपमध्ये, बाकीचं तुमच्या कपाटात कुलपात. नवराबायको दोघंही बरोबर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ही जिमवाले मेंबरला सांगतच नाहीत. यात ट्रेनरला मेंबरच्या खात्यात शिरून तिच्या नजरेने सगळं बघता येतं, प्लॅन लावून द्यायला सोपं जावं म्हणून ती सोय आहे. पण ॲपमध्ये प्रगतीचे फोटो ठेवायची गॅलरीही आहे. आता दोन्ही जोडून बघा. एखादी ताई आधी-नंतरचे फोटो ‘आपल्यापुरते’ म्हणून टाकते आणि तिला वाटतं फक्त मलाच दिसतात. ॲडमिशनच्या दिवशी स्पष्ट सांगा, की इथे फोटो टाकलात तर ट्रेनर बघू शकते, नको असेल तर टाकू नका, फोनमध्येच ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर फॉर्मवरच ही ओळ छापली असती.

कायद्याचं बघायचं तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचा गाभा सरळ आहे, काय घेताय आणि कशासाठी ते सांगा, संमती घ्या, काम संपलं की पुसा. 18 वर्षांखालच्या मुली तुमच्याकडे येत असतील, अकरावी-बारावीच्या येतातच, तर त्यांच्यासाठी पालकांची संमती हवी, मुलीने टिक केलेली चालत नाही. सोडून गेलेल्या मेंबरांची खाती वर्षानुवर्षं पडून असतात, दर मार्चला झाडू मारा. आणि ट्रेनर नोकरी सोडून गेली की त्याच संध्याकाळी तिचं खातं बंद, निरोपाचा केक कापून झाला की लगेच.

मशीन जिममध्येच ठेवून फक्त तिथल्या वायफायवर चालवलंत, बाहेरून उघडायची सोयच नाही केली, तर निम्मी डोकेदुखी कमी. मेंबरला घरून बघायला मिळणार नाही, चालेल की.

प्रश्न : आमची जुनी तालीम, पोरं चाळीसभर, फी नावापुरती. नवीन कमिटीतल्या पोरांनी ठरवलंय सगळं ॲपवर घ्यायचं. मी हिशोब बघतो. त्या ॲपमध्ये जोर, बैठका, मुद्गल, करेला (खांद्याभोवती फिरवायची जड लाकडी साधनं) असलं काही असतं का? आणि खुराक? पोरं विचारतात थंडाईत किती प्रोटीन.
(कोल्हापूर)

उत्तर : व्यायामांची तयार यादी ॲपबरोबर येते, बेंच प्रेस, डेडलिफ्ट असली, चित्रांसकट. तुमचे जोर त्यात नसले तर स्वतः घालायचे, नाव मराठीत, वर्णन, कुठले स्नायू लागतात ते निवडायचं. सपाट्यांच्या बैठका किंवा हनुमान दंड हे वस्तादांना विचारून नीट लिहून काढलंत तर ते काम मला त्या सगळ्या ॲपपेक्षा मोलाचं वाटेल, कारण वस्ताद बसल्यावर ‘असं नाही रं, असं’ म्हणून जे दाखवतात ते कुठेच लिहिलेलं नसतं. वेगरमधला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सवर, म्हणजे कुणालाही वापरू देणाऱ्या खुल्या परवान्यावर चालतो, त्यामुळे मूळ प्रकल्पाला पाठवलंत तर जगात कुणीही मुद्गल फिरवताना तुमच्या तालमीची ओळ वाचेल.

खुराकाचं अवघड आहे. खाण्याची यादी ते ओपन फूड फॅक्ट्समधून घेतात, तो प्रकल्प 2012 ला फ्रान्समध्ये सुरू झाला आणि तिथे लोक पाकिटावरची माहिती भरतात. म्हणजे बिस्किट सापडेल, पीनट बटर सापडेल, घरी खलबत्त्यात वाटलेली बदामाची थंडाई कशी सापडणार? ती स्वतः घालायची, 100 ग्रॅममागे कॅलरी, प्रोटीन, कार्ब, फॅट. अंदाजपंचे आकडे टाकू नका, ते हिशोब करून बघतं, प्रोटीन आणि कार्बचे ग्रॅममागे 4, फॅटचे 9, आणि तुमच्या कॅलरी त्याच्याशी जुळल्या नाहीत तर नोंदच घेत नाही. बदाम किती, दूध किती, साखर किती हे वजन करून बेरीज करा एकदा, पोरांना पण कळेल साखर किती पडते ते. आणि ती पाकीटवाली अख्खी यादी उतरवून घ्यायच्या भानगडीत पडू नका, लाखो नोंदी आहेत, जुनं मशीन रात्रभर धापा टाकत बसेल आणि तुमच्या उपयोगाच्या त्यात दहा.

पण खरं सांगू का, चाळीस पोरं, एक वस्ताद, आणि लाल मातीत फोन काढायचा तरी कुठून. तुम्हाला भिंतीवरचा फळा पुरतोय असं मला वाटतं. कमिटीच्या पोरांना हौस असेल तर करू द्या, फक्त वस्तादांना लॉगिन करायला लावू नका. एका पोराने संध्याकाळी फळ्यावरून उतरवून घ्यावं.

प्रश्न : कोंकणीत ‘हांव’ म्हणण्यापेक्षा मराठीतच लिहितो. आमच्या जिममध्ये सहा महिने छान चाललं होतं. मागच्या आठवड्यात साइट स्लो झाली म्हणून एका ओळखीच्या मुलाने व्हिडिओ बघून ‘सगळं क्लीन करून परत सुरू करतो’ म्हणून काहीतरी कमांड दिली. परत सुरू झालं पण एकदम कोरं. मेंबर नाहीत, प्लॅन नाहीत, ॲडमिनचा पासवर्ड पण पहिल्यासारखा. परत मिळेल का?
(फोंडा)

उत्तर : वाईट बातमी आहे. त्या मुलाने बहुतेक डॉकर कंपोज डाउनला हायफन व्ही लावला. नुसतं डाउन म्हटलं तर डबे जातात, डेटा राहतो, कारण डेटा व्हॉल्यूममध्ये, म्हणजे डब्याबाहेरच्या कप्प्यात असतो, डब्यात नाही. हायफन व्ही म्हणजे व्हॉल्यूम पण टाकून द्या. विचारत नाही, ‘नक्की का’ म्हणत नाही, गेलं म्हणजे गेलं. पासवर्ड परत ॲडमिन-ॲडमिन झालाय यावरूनच कळतंय की डेटाबेस नवा बनलाय. तो पासवर्ड आधी बदला, हे पत्र वाचताय तोवर तसाच उघडा असेल.

मिळायची एकच फट, कुणी मधे कधी बॅकअप घेतला होता का, किंवा मशीन भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर तिथल्या कंपनीने आपोआप स्नॅपशॉट (अख्ख्या मशीनची नक्कल) घेतला असेल का, पॅनेलमध्ये बघा. नसेल तर मेंबरांच्या फोनमध्ये काही उघडं राहिलं असेल त्याचे स्क्रीनशॉट, ट्रेनरांच्या डायऱ्या, आणि नव्याने सुरू. त्या मुलाला ओरडू नका, व्हिडिओवाल्याने सांगितलं ते त्याने केलं. बॅकअप नव्हता हा त्याचा दोष नाही.

आता नव्याने करताय तर रोज रात्री पोस्टग्रेसचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाइलीत नक्कल घ्यायची, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) टाकून, तारखेच्या नावाने एक फाइल. अपलोड केलेले फोटो-कागद डेटाबेसमध्ये नसतात, त्यांचं मीडियाचं व्हॉल्यूम वेगळं असतं, तेही घ्यायचं. आणि ती ईएनव्ही फाइल. डेटाबेसच्या डब्याचं व्हर्जन 15 वरून पुढचं असं कधी बदलायची वेळ आली तर आधी डंप, मग बदल, कारण पोस्टग्रेसचं नवं मोठं व्हर्जन जुन्या व्हर्जनच्या फाइल थेट उघडत नाही.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, लाज वाटते पण सांगतो. मित्राच्या जिमला मी हे सगळं लावून दिलं होतं, क्रॉनसकट, आणि रोज पहाटे तीनला फाइल तयार होत होती, तारखा एकाखाली एक, बघून छाती फुगायची. तीन महिन्यांनी डिस्क गेली. पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली, तर साइज शून्य. सगळ्यांचीच शून्य! हाताने कमांड दिली की चालायची म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं, पण क्रॉनमधून चालताना समोर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) नसतं, डब्याच्या आत जाऊन काम करणाऱ्या एक्झेक कमांडला हायफन आणि मोठा टी लावायचा राहिला होता, त्यामुळे आत जायच्या आधीच तो एरर देऊन परत फिरत होता आणि मागे रिकामी फाइल ठेवून जात होता. मित्राने काही म्हटलं नाही. दोनशे मेंबरांचं परत टाइप करायला मी शनिवार-रविवार त्याच्या काउंटरवर बसलो, आणि सोमवारी पाय नाही तर बोटं दुखत होती.

तेव्हा मोठा टी विसरू नका, आणि सकाळी जिम उघडली की फाइलचा साइज बघायचं काम कुणाला तरी नावाने द्या. महिन्यातून एकदा दुसऱ्या कुठल्यातरी लॅपटॉपवर वेगर टाकून तो डंप आत घालून बघा, एखाद्या मेंबरचा कालचा बेंच प्रेस दिसला की बंद करा. एक पेन ड्राइव्ह जिममध्ये, एक घरी. त्या मुलालाच द्या हे काम, आता तो कधीच विसरणार नाही.